टायमिंग चेन आणि किलोमीटरचा चुकीचा हिशेब

अमरावती ते अकोला हे अंतर साधारण १०० किलोमीटर. ताशी ८०च्या वेगानं गेलं तर सव्वा तास लागतो. इंजिनाचे मिनिटाला २,००० फेरे धरले, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट दीड लाख वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट बरोबर निम्म्या वेळा. या दोघांचा मेळ राखण्याचं काम टायमिंग चेन करते. आता हीच गाडी मे महिन्यात अकोल्याला एसी लावून तासभर जागेवर उभी राहिली, असं समजा. मिनिटाला ८०० फेरे धरले तरी तासाचे ४८,००० होतात आणि मीटरवर किलोमीटर मात्र शून्य. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे प्रवाशांची वाट पाहणाऱ्या भाड्याच्या गाडीचे असे तास सहज भरतात. म्हणून चेनचं वय नुसत्या किलोमीटरवरून ठरवणं चूक आहे, आणि ‘ही तर आयुष्यभराची’ म्हणून तिच्याकडे पाहायचंच नाही, ही त्याहून मोठी चूक आहे. चेन बदलायची की नाही, हे ऑइलचा इतिहास, इंजिनाचा आवाज आणि प्रत्यक्ष मोजमाप या तीन पुराव्यांवर ठरलं पाहिजे.

‘चेन ताणली’ असं गॅरेजमध्ये म्हणतात, पण तिचं पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. सायकलच्या जुन्या चेनप्रमाणे तिचे सांधे झिजतात. समजा चेनला शंभर सांधे आहेत आणि प्रत्येकात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला, तर चेन एक मिलिमीटरनं लांबते. हा सैलपणा टेन्शनर भरून काढतो. बहुतेक इंजिनांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. त्याची मर्यादा संपली की चेन गाइडवर आपटते आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ सरकते. ती फार सरकली, तर अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग दुरुस्ती चेनपुरती राहत नाही, सिलिंडर हेडच उतरवावं लागतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन. २००३मध्ये युरोपात आलेलं हे चेनवालं इंजिन २००७मध्ये मारुती स्विफ्टमध्ये बसलं. पुढे डिझायर, अर्टिगा आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्येही ते आलं. २०२०मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीनं ते थांबवलं. म्हणजे यातली कोणतीही मारुती आज जुन्या बाजारातूनच मिळते, आणि आधीच्या मालकानं ऑइल केव्हा बदललं हे नव्या मालकाला क्वचितच ठाऊक असतं. डिझेलच्या ज्वलनातली काजळी ऑइलमध्ये उतरते आणि त्याच ऑइलवर चेनचे सांधे फिरतात. ऑइल बदलायला उशीर होणं म्हणजे सांध्यांत काजळी घोळत ठेवणं.

यावर जुनी मंडळी विचारतील, ॲम्बॅसिडरला आणि पद्मिनीलाही चेनच होती, तिची कुणी एवढी काळजी केली? त्या गाड्यांत कॅमशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, क्रँकच्या जवळ असे, त्यामुळे चेन आखूड होती. आता कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो. चेन लांबली, सांधे वाढले आणि सोबत गाइड व टेन्शनर आले. दुसरा आक्षेप रस्त्याचा. राष्ट्रीय महामार्ग ५३वर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज विक्रम झाला. पण चांगल्या रस्त्यानं सस्पेन्शन वाचतं, चेन वाचत नाही. तिसरा आक्षेप कंपनीच्या पुस्तिकेचा: तिच्यात चेन बदलण्याचं अंतर दिलेलं नसतं. ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ मुदत ठरलेली नाही एवढाच. चेन झिजत नाही असा नव्हे.

सर्वांत रास्त आक्षेप खर्चाचा आहे, कारण कामाचा मोठा भाग मजुरीचा असतो. क्रँक पुली आणि टायमिंग कव्हर काढावं लागतं, काही इंजिनांत ऑइल चेंबरही. क्रँक व कॅमशाफ्ट पिनांनी लॉक करून खुणा जुळवायच्या, आणि शेवटी इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा तपासायच्या. सेल्फ मारण्यापूर्वीची ही तपासणी कधीही टाळू नये. एवढं उघडल्यावर फक्त चेन बदलणं ही खोटी बचत आहे. झिजलेल्या दातांचं स्प्रॉकेट नव्या चेनचे सांधे लवकर खातं आणि थकलेला टेन्शनर तिला सैल सोडतो. म्हणून चेन, गाइड, टेन्शनर आणि स्प्रॉकेट असं पूर्ण किटच बसवावं.

याचा अर्थ लाखभर किलोमीटर झाले की घाबरून इंजिन उघडावं असा नाही. सकाळी गार इंजिन सुरू करताच काही सेकंद खडखडाट येत असेल, किंवा स्कॅनरवर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा पी००१६ हा कोड दिसत असेल, तर तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. कोड सेन्सर किंवा वायरिंगमुळेही येतो, म्हणून आधी मोजमाप आणि मगच किट. आवाज आणि कोड दोन्ही नसतील तर चेनवर पैसा घालू नका. तो वेळेवर योग्य ग्रेडचं ऑइल व फिल्टर बदलण्यात घाला, बिलं जपून ठेवा आणि गाडी विकताना ती पुढच्या मालकाच्या हाती द्या. जुनी गाडी घेणाऱ्यानंही मीटर वाचण्याआधी हीच बिलं मागावीत.