तीन पिढ्या, एक अंगण... आणि इराणी फंडा!

लग्न ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच... वेगळं राहणार की घरच्यांसोबत? वेगळं राहिलं तर टू बीएचकेचा ईएमआय, एकत्र राहिलं तर प्रायव्हसीचे तीनतेरा! बाळ झालं की मात्र याच कपल्सना आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर हवे असतात. (पाळणाघराची फी एकदा विचारून बघा, कळेल.)

आमच्याकडे हा ड्रामा रंगला, तो मामाने सातारा परिसरातल्या चाळीस बाय साठच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं तेव्हा. राहणार कोण? ८१ वर्षांची आजी, मामा-मामी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची कन्या. वहिनी आयटीवाली, रात्री साडेदहापर्यंत कॉल्स. तिची अट साधी होती. ‘एकत्र राहायला माझी ना नाही. फक्त मीटिंगमध्ये मागून कुकरच्या शिट्ट्या नकोत आणि पाहुण्यांसमोरून नाइट ड्रेसमध्ये जायला लागू नये.’ आजीचं नेमकं उलटं. ‘कोण आलं, कोण गेलं, मला बसल्या जागी दिसलं पाहिजे.’ आता बोला!

आर्किटेक्ट मॅडमनी यावर जो प्लॅन काढला, तो थेट इराणमधल्या काशान आणि यझ्दच्या जुन्या घरांवरून.

इराण? आणि संभाजीनगरात? दचकू नका, हे शहर त्याच मुशीतलं आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि जमिनीखालून नहरी खेळवून पाणी आणलं. जमिनीच्या पोटातून उताराने पाणी आणायची ही युक्ती इराणच्या ‘कनात’ची जवळची नातेवाईक. बीबी का मकबरा जिच्यासाठी बांधला, ती दिलरस बानो इराणच्या सफवी घराण्यातली. मकबऱ्याची चार भागांत आखलेली चारबागही तिकडचीच. आणि पाणचक्की? शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तिथल्या हौदातले मासे बघितलेत. पण त्या हौदाच्या खाली गेलात का कधी? हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली गारवा! मे महिन्यात दुपारी जाऊन उभे राहा. एसीचं बिल आठवून हळहळाल.

आणि हौद, दालान, दिवाणखाना, तावदान, दरवाजा... हे सगळे शब्द मराठीत आले तेही फारसीतूनच. म्हणजे अर्धं इराणी घर आपण रोज बोलतोच, राहत तेवढे नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. जुन्या इराणी घराचे दोन भाग असतात. ‘बीरूनी’ म्हणजे बाहेरचा, पाहुण्यांचा. ‘अंदरूनी’ म्हणजे आतला, घरच्यांचा. दारातून आत आलं की आधी लागते ‘हश्ती’, म्हणजे बहुधा आठ कोनांची देवडी. तिथून बोळ फुटतात आणि ते मुद्दाम वळवलेले. त्यामुळे दारातल्या माणसाला अंगण दिसतच नाही. दारावर कड्याही दोन, एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी. आवाज वेगवेगळा, म्हणजे आतल्यांना कळावं, कोण आलंय.

ही सगळी व्यवस्था होती पडद्यासाठी, बायका परक्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. त्यात रोमँटिक काही नाही. गंमत अशी की हाच नकाशा आज वहिनीच्या कामाला आला. आमच्या हश्तीतून एक वाट दिवाणखान्यात जाते, दुसरी जिन्याने वर तरुण मंडळींकडे. मामाचे मित्र खाली पत्ते कुटत बसले तरी तिला पत्ता नाही. वर्करूम मागच्या बाजूला, अंगणाकडे पाठ करून. कड्यांच्या जागी दोन वेगवेगळ्या आवाजांच्या बेल! आणि आजीची खोली हश्तीला लागूनच. छोट्या खिडकीतून सगळी आवकजावक तिच्या नजरेखाली. सीसीटीव्हीची गरजच नाही...

काशानच्या बोरुजेर्दी हाउसबद्दल एक किस्सा सांगतात. तालेवार तबातबाई घराण्याची मुलगी सून म्हणून येणार, तेव्हा तिच्या तोलाचं घर हवं म्हणून ते बांधलं. हे ऐकल्यावर वहिनीने भावाकडे ज्या नजरेने पाहिलं ती बघण्यासारखी होती!

खरी लढाई झाली अंगणावरून. ‘बारा बाय चौदा? अगं, त्यात एक बेडरूम निघते!’ मामा. त्याचंही चूक नव्हतं. आपल्याकडे नियमाप्रमाणे मोकळी जागा घराच्या बाजूंनी मार्जिन म्हणून सोडायची, इराणी घर ती पोटात ठेवतं. म्हणजे दोन्हीकडे सोडा. मॅडमनी वाद न घालता पावसाचा हिशेब मांडला. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर मीटरचं छत आणि वर्षाला सातशे मिलिमीटर धरले तर सत्तर हजार लिटर. गळती-वाफ वजा करून पन्नासेक हजार तरी हाती लागतात. वर छोटा हौद, अंगणाच्या फरशीखाली टाकी, जादा पाणी बोअरला. नळाची वाट बघत टँकरवाल्याचे नंबर पाठ झालेल्या आपल्या शहरात यापेक्षा मोठं आर्ग्युमेंट नाही. मामा गप्प!

कॉपी-पेस्ट मात्र कुठेच नाही. यझ्दला वर्षभरात जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस, तिथलं अंगण सताड उघडं चालतं. आपल्याकडे जूनमध्ये तळं होईल. म्हणून अंगणाभोवती वाड्यासारखी ओसरी आणि तिच्यावर उतरतं छप्पर. वारा खेचणारा ‘बादगीर’ मनोराही कटाप, पावसाळ्यात तो पाणीच खेचायचा. त्याऐवजी जिन्याच्या माथ्यावर जाळ्या, गरम हवा वरून निघून जाते. तिकडे थंडीच्या खोल्या वेगळ्या, उन्हाळ्याच्या वेगळ्या. ऋतू बदलला की घरातल्या घरात बिऱ्हाड हलतं. आमच्याकडे त्यातलं अर्धंच घेतलं. आजीची खोली अंगणाच्या उत्तरेला, दार दक्षिणेकडे, म्हणजे डिसेंबरात ऊन थेट पलंगावर. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावरच येतो, तेव्हा ओसरीचं छप्पर पुरतं.

जोत्याचं काम झालंय, भिंती उठतायत. सध्या वाद एकच आहे, हौदावर जाळी बसवायची की नाही. मामेभाऊ म्हणतो, पोरगी धावते, जाळी हवीच. आजी म्हणते, ‘अरे, मग त्यात पाय सोडून बसायचं कसं?’