रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड : 385 किलोमीटर

कॅनडाच्या नुनावुत प्रांतात, उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड या दोन छोट्या वस्त्या आहेत. दोन्हींची मिळून लोकसंख्या जेमतेम सव्वातीनशे. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 385 किलोमीटर. ट्विन ऑटर या लहान विमानाला त्यासाठी सव्वा ते दीड तास लागतो.

नकाशावर मात्र हे अंतर फसवतं. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत 12 अंशांचा फरक आहे. मुंबईच्या अक्षांशावर 12 अंश म्हणजे साडेबाराशे किलोमीटरहून अधिक. इथे रेखावृत्तं ध्रुवाकडे इतकी जवळ येतात, की तेच 12 अंश सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरतात. त्यामुळे सर्वांत जवळच्या वाटेनं निघालेल्या विमानाची खऱ्या उत्तरेशी असलेली दिशाही दीड तासात जवळपास 12 अंशांनी बदलते.

होकायंत्राचा तर इथे भरवसाच नाही. जेम्स क्लार्क रॉसनं 1831 मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुव शोधला तो रेझोल्यूटच्या दक्षिणेला, बूथिया द्वीपकल्पावर. पुढे तो ध्रुव सरकत याच बेटांमधून उत्तरेला गेला. त्याच्या इतक्या जवळ सुई नीट स्थिरावत नाही, म्हणून इथल्या धावपट्ट्यांचे क्रमांकही खऱ्या उत्तरेवरून ठरतात. याची किंमत 20 ऑगस्ट 2011 रोजी कळली. यलोनाइफहून आलेलं बोइंग 737 रेझोल्यूटला उतरताना धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आदळलं. 15 पैकी 12 जण गेले. विमानातल्या दिशादर्शकात सुमारे 17 अंशांची चूक होती, असं तपासात निघालं. सैन्याचा सराव जवळच चालू होता, म्हणून मदत लवकर पोचली.

रेझोल्यूटची खडीची धावपट्टी दोन किलोमीटरची, म्हणून तिथे जेट उतरू शकतं. ग्रीस फिओर्डची जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि शेजारी डोंगर. कमी जागेत उतरणारं ट्विन ऑटर तेवढं तिथे चालतं. वारा उलटला, ढग खाली आले, की तो दीड तास कितीही दिवसांचा होतो. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य उगवतच नाही.

पण या दोन ठिकाणी माणसं आली कशी, हे सांगितल्याशिवाय हे अंतर समजत नाही. 1953 आणि 1955 मध्ये कॅनडा सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधली इनुइट कुटुंबं जहाजानं सुमारे दोन हजार किलोमीटर वर आणून सोडली. शिकार भरपूर मिळेल, दोन वर्षांनी परत जाता येईल, असं वचन होतं. ते पाळलं गेलं नाही. आपल्याला वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार, हे त्यांना जहाजावर कळलं. काही नातलग रेझोल्यूटला, काही ग्रीस फिओर्ड ज्यावर आहे त्या एल्समियर बेटावर. आज विमान कापतं तेच अंतर सरकारनं रक्ताच्या नात्यांमध्ये घातलं होतं. याला प्रशासकीय चूक म्हणणं मला अपुरं वाटतं. आर्क्टिकवरचा हक्क दाखवण्यासाठी आपला वापर झाला, हे इनुइटांचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं. 1996 मध्ये एक कोटी डॉलरचा निधी मिळाला, सरकारनं माफी मागितली ती 18 ऑगस्ट 2010 रोजी.

आता याच हवाई वाटेनं ग्रीस फिओर्डचा गंभीर आजारी माणूस आधी रेझोल्यूटला येतो. नुनावुतची राजधानी इकालुइत इथलं मोठं रुग्णालय तिथून पुढे आणखी दीड हजार किलोमीटरहून दूर आहे.