चाळिशीनंतरचा मरणविचार



वसंत ऋतूत मरणाचा विषय काढणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाकडे लोक केवळ पगारवाढीची गाऱ्हाणी घेऊन येतात असे नाही. बोनसची बोलणी संपतात, मंडळी उठून जातात आणि पंचेचाळीस-पन्नाशीचा एखादा गृहस्थ मागे रेंगाळतो. हल्ली रात्री दोनला जाग येते, आपण गेलो तर काय हा विचार सुटत नाही, असे तो खालच्या आवाजात सांगतो. हे बोलणे तो घरी करीत नाही, कारण बायको घाबरेल. पाळीतल्या सोबत्यांत करीत नाही, कारण ते हसतील. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे वाचले ते कचेरीच्या बाकावर. तेव्हा तत्त्वज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही. अशा अनेकांचे ऐकून आणि थोडे वाचून जे उमगले तेवढेच येथे मांडतो.

पहिला प्रश्न असा की, हा विचार नेमका याच वयात का येतो? स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. तेव्हा सगळे बत्तिशीतच मरत असा याचा अर्थ नव्हे. लहान मुले फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. पण त्यामुळे मरणाची ओळख माणसाला लहानपणीच घरात होत असे. आज पुष्कळांना ती जवळून होते ती चाळिशीनंतर, आईवडील गेल्यावर. पगाराच्या रांगेत आपल्यापुढे दोन माणसे उभी असावीत आणि ती निघून जाऊन खिडकीशी आपणच यावे, तसे होते. त्याच सुमारास बरोबरीचा एखादा मित्र अचानक जातो, डॉक्टर रक्तदाबाची गोळी कायमची लावतो आणि मुले आपापल्या वाटेला लागतात. इतक्या गोष्टी एकदम घडल्यावर मन जागे होते, यात दुबळेपणा काही नाही.

या अवस्थेला 'मध्यवयातील पेचप्रसंग' हे नाव ज्याच्यामुळे रूढ झाले तो एलियट जॅक्स हा मूळचा कॅनडाचा. लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनी या बेअरिंगच्या कारखान्यातील माणसांचा अभ्यास करून त्याने १९५१ साली एक ग्रंथ लिहिला होता. पुढे १९६५ साली मध्यवय आणि मृत्यू यांवर त्याने निबंध प्रसिद्ध केला. आपणही मरणार ही गोष्ट केवळ ऐकीव न राहता या वयात स्वतःची होते, असा त्याचा आशय. कारखान्यातल्या माणसांत वावरलेल्याने हे लिहावे, याचे आम्हांला विशेष वाटले.

आता उपायाकडे वळू. वाटाघाटींत आम्ही एक गोष्ट शिकलो. 'आमच्यावर अन्याय होतो' एवढेच म्हणून कोणाशी बोलणी होत नाहीत. गाऱ्हाण्याचे मुद्दे पाडावे लागतात आणि कोणता मुद्दा कोणापुढे न्यायचा हे ठरवावे लागते. मरणाच्या भीतीचेही तसेच आहे. तिच्या पोटात निरनिराळ्या भीती असतात आणि त्यांतल्या बऱ्याच मरणाच्या नसतातच.

एक असते शरीराची. छातीत कळ आली की माणूस हादरतो, पण तपासणी टाळतो. डॉक्टर काय सांगेल याचीच धास्ती. रक्तदाब पुष्कळदा काही लक्षण न दाखवता वाढतो, म्हणून तो मोजूनच घ्यावा लागतो, साखरेचेही तेच. तंबाखू सोडणे आणि वर्षातून एकदा तपासणी करणे हे विचार करण्याचे नव्हे, करण्याचे काम आहे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, कशात मन लागेना, किंवा जगूच नये असे वाटू लागले, तर तो आजार समजून त्याच दिवशी उपचार शोधावा. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते.

दुसरी असते मागे राहणाऱ्यांची. आमच्या अनुभवात रात्रीच्या जागरणाचे सर्वांत मोठे कारण हेच. आणि याच बाबतीत सर्वांत अधिक काही करता येते. एका कारखान्यातील फिटर ऐन पन्नाशीत गेला. नोकरीला लागला तेव्हा अविवाहित होता. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर त्याने आईचे नाव घातले होते. पुढे लग्न झाले, मुले झाली, आई वारली. कागद तसाच राहिला. त्याच्या पत्नीला महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागले. फंडाच्या योजनेतील नियम असा की, लग्नापूर्वी केलेली वारसनोंद लग्नानंतर रद्द समजली जाते व ती नव्याने करावी लागते. हे किती जणांस ठाऊक असते? फंडाला जोडून १९७६ सालापासून विमा आहे आणि १९९५ च्या योजनेत विधवेला व मुलांना निवृत्तिवेतन आहे. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची सलग नोकरी लागते, पण कामगाराचा मृत्यू झाल्यास ही अट लागत नाही. १९७२ च्या कायद्यात हे होते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ज्यांना फंड नाही, अशा घरकाम करणाऱ्या भगिनी किंवा दुकानांतील नोकर यांच्यासाठी बँकेमार्फत दोन लाखांचा जीवनज्योती विमा २०१५ पासून आहे. मात्र पन्नाशी उलटल्यावर त्यात नव्याने नाव घालता येत नाही.

हा सर्व तपशील कोरडा वाटेल. परंतु वारसनोंद भरून, कागद कोठे ठेवले आहेत हे पत्नीला किंवा पतीला दाखवून आलेल्या माणसाचा चेहरा आम्ही पाहिला आहे. त्याची अर्धी भीती फाइलीत गेलेली असते.

तिसरी भीती हिशेबाची. 'इतकी वर्षे राबलो, हाती काय आले?' हिला कागदाचा उपाय नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली मांडले की, पुढच्या पिढीला घडवणे हे मध्यवयाचे खरे काम. ते न केल्यास माणूस साचून राहतो. हे आम्हांला कारखान्यातच दिसते. जो जुना कारागीर आपले कसब गुपित ठेवतो, तो निवृत्तीला सर्वांत घाबरतो. जो शिकाऊ पोराला लेथवर हात धरून शिकवतो, त्याच्या मनाला हा प्रश्न फारसा टोचत नाही. आपल्यामागे आपला हात कोठेतरी चालू राहणार, हे त्याला दिसत असते. हे कामावर जसे खरे, तसेच स्वयंपाकघरातही.

इतके मुद्दे मिटवल्यावरही काही शिल्लक राहतेच. आपण नसू, ही गोष्ट कोणत्याही कागदाने मिटत नाही. येथे आम्हांला फ्रान्समधील मॉन्तेन (१५३३–१५९२) या निबंधकाराचा उपयोग झाला. मरण सतत डोळ्यांपुढे ठेवावे, म्हणजे त्याची सवय होते, असे त्याने आधी लिहिले. पुढे तो पन्नाशीत असता त्याच्या मुलखात प्लेग आला. द्राक्षे वेलींवरच राहिली. आजूबाजूचे शेतकरी-मजूर स्वतःचे खड्डे स्वतः खणत होते, पण आक्रोश करीत नव्हते. हे पाहून त्याने लिहिले ते निराळे: मरणाची तालीम जन्मभर करू नये, वेळ येईल तेव्हा निसर्ग ती शिकवील. पंडिताने हा धडा मजुरांपासून घेतला, हे आम्हांला मोलाचे वाटते. मात्र गरीब निमूट मरतो, म्हणून त्याला मरू द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. यंत्राला जाळी नसल्यामुळे येणारे मरण निसर्गाचे नव्हे. त्याच्याशी समेट करायचा नसतो. त्याविरुद्ध लढायचे असते. कोणते मरण टाळता येते आणि कोणते येत नाही, हा भेद कळणे यातच बरेच शहाणपण आहे.

उरलेला विचार एकट्याने अंधारात वाहू नये. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारी भाकरी-पिठले पोहोचवतात. लोक येऊन नुसते बसतात. मरण एकट्याच्या अंगावर टाकायचे नाही, हेच त्या चालीरीतीचे मर्म. मग मरणाच्या भीतीपुरतेच माणसाने एकटे का राहावे? ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाशी तरी बोलावे. आणि आपल्यापाशी कोणी असे बोलू लागला, तर 'काहीतरीच काय' म्हणून त्याला गप्प करू नये.

म्हणून आमची विनंती साधी आहे. या आठवड्यात एक कागद नीट करा, एक तपासणी करून घ्या आणि एका माणसाशी मोकळेपणाने बोला. एवढे केल्याने मरण टळणार नाही. पण हाती असलेली वर्षे त्याच्या धाकात जाणार नाहीत.