माझा पगार मीच काढते

पहाटे साडेपाच

नवऱ्याची बोरगावच्या कारखान्यात पहिली पाळी असली, की आमच्या घराला पाचलाच जाग येते. डबा घेऊन तो निघाला की मुलगी उठेपर्यंतचा वेळ माझा. या वेळात मी मेल उघडत नाही. मोबाइल स्वयंपाकघरातच ठेवते. रात्रीतून अमेरिकेहून काही आलं असेल का, याची ओढ असतेच. पण तिकडे न्यूयॉर्कला आत्ता आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात वाजलेत. मी उत्तर आत्ता दिलं काय नि दहाला दिलं काय, त्यांना ते त्यांच्या सकाळीच दिसणार. मग ताज्या डोक्याचा हा तास त्यावर का घालवायचा?

जानेवारीतली थंडी, खांद्यावर शाल, आणि समोर एका माहितीपटाची सबटायटलं. हिंदीतून मराठी. या कामाचे नियम कडक असतात. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि एक सबटायटल सात सेकंदांच्या वर ठेवायचं नाही. बोलणारा माणूस भराभर बोलून मोकळा होतो, वाचणाऱ्याला तेवढं झेपत नाही. म्हणून वाक्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यातच खरी मेहनत आहे. एक म्हातारा शेतकरी विहिरीच्या काठावर बसून बोलतोय. मध्येच थांबतो, पाण्याकडे बघतो. त्या थांबण्याच्या वेळी पडदा रिकामा राहिला पाहिजे, म्हणून मी आधीचं सबटायटल थोडं अलीकडेच संपवते. पुन्हा लावून बघते. आता बसलं.

सकाळी उठल्यावर कामाचा उत्साह वाटतोय का, हे मी स्वतःला विचारतच नाही. विचारलं तर उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच येईल. दहा-बारा सबटायटलं जमली की उत्साह आपोआप येतो. आधी काम, मग मन. डोक्यावर साहेब नसलेल्या माणसाला दुसरी रीत परवडत नाही असं माझं ठाम मत आहे.

साडेसात

मुलीची वेणी, शाळेची बस, नळाचं पाणी, भाजी. यात घड्याळ कुठे जातं कळत नाही.

नऊ

पांढुर्ण्याच्या मैत्रिणीला तीन ओळी पाठवायच्या, तिच्या तीन ओळी यायच्या. ती नागपूर-पुण्याच्या लहान दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब घरून बघते. पहिल्या ओळीत आजचं काम, दुसरीत त्याला लागणारे तास, तिसरीत आज कोणाकडे पैसे मागायचे. तिसरी ओळ आम्ही मुद्दाम घातली. काम वेळेवर देणाऱ्या बायका पैशाची आठवण करून द्यायला मात्र लाजतात. रोज लिहावं लागलं की ती लाज हळूहळू निघून जाते. संध्याकाळी तिन्ही ओळींपुढे झालं की नाही ते लिहायचं, एवढंच. शाबासकी नाही, उपदेश नाही. पण कोणीतरी विचारणार आहे या जाणिवेवर किती कामं तडीला जातात!

तिला याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेऱ्या गावात आल्या, आणि तिच्या घरी नवं पालुपद सुरू झालं: जिल्हा झाला, आता तरी नोकरीचा फॉर्म भर. ती महिन्याला कमावते ते सगळ्यांना दिसतं, पण त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. अशा घरात बसून दहाच्या ठोक्याला लॅपटॉप उघडायला मनाचा फार जोर लागतो. तिच्यात तो आहे.

अकरा

एका एजन्सीचा मेल आला. यंत्राने केलेलं मराठी भाषांतर तपासून द्यायचं, शब्दाला पन्नास पैसे. काम भरपूर, महिनोन्महिने चालणारं.

एप्रिल २०१७मध्ये गूगल ट्रान्सलेटने मराठीसह नऊ भारतीय भाषांना न्यूरल पद्धत लावली, तेव्हापासून यंत्राची मराठी सुधारतच गेली आहे. तिच्यावर रागावून पोट भरणार नाही. तपासणीचं कामही मी करते. प्रश्न फक्त भावाचा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं आहे.

त्या कागदावर वर्षाचा हिशेब आहे. घराला मी महिन्याला ४०,००० द्यायचे ठरवलेत, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. पीपीएफमध्ये ६०,०००. संगणक, इंटरनेट, सॉफ्टवेअर, पैसे मागवण्याचा खर्च मिळून ६०,०००. अडीनडीला राखीव ६०,०००. बेरीज ६,६०,०००. हे झालं लक्ष्य. आता तास. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून दिवाळी, पोळा, घरातली लग्नं, आजारपण आणि संत्र्याची तोड यांचे आठ काढले की उरले ४४. आठवड्याचे पाच दिवस धरले तर २२० दिवस. दिवसभर टेबलाशी बसले तरी ज्याचे पैसे मिळतात असं काम पाचच तास होतं. बाकीचा वेळ मेल, बिलं, नमुने आणि शोधाशोध यांत जातो. म्हणजे ११०० तास. भागाकार केला की तासाला ६०० रुपये.

हा आकडा हाती आला की बाकीचं सोपं होतं. मी तासाला पक्के तीनशे शब्द करते, म्हणून भाषांतराचा भाव शब्दाला दोन रुपये. यंत्राचं काम चांगलं असेल तर तासाला आठशे शब्द तपासून होतात. पन्नास पैशांनी ते ४०० रुपये झाले. दोनशे कमी. भाषांतर वाईट असेल तर त्याहून कमी. ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या फायव्हरसारख्या ठिकाणी तर मिळकतीतले २० टक्के तेच ठेवून घेतात, म्हणून तिथे भाव सांगताना ७५० धरावे लागतात, तेव्हा हातात ६०० पडतात.

‘महिन्याला लाख कमवायचेत’ असं लक्ष्य ठेवणारी हुशार मुलं मी थकून जाताना पाहिली आहेत. त्या लाखाखाली काही नसतं. घरखर्च नसतो, तास नसतात, सुट्ट्या नसतात. पहिल्या रिकाम्या महिन्यात तो आकडा कोसळतो आणि त्याबरोबर माणूसही. माझा ६०० मोठा नाही, पण तो कुठून आला हे मला ठाऊक आहे, म्हणून नाही म्हणताना जीभ अडखळत नाही. एजन्सीला लिहिलं: शब्दावर नाही, तासाला ६०० घेईन, आधी शंभर शब्दांचा नमुना पाठवा.

दीड

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वाडीतून जेवायला आले. येताना संत्र्याची एक डहाळी आणली, माझ्या टेबलावर ठेवली. पानं आतून दुमडलेली, मलूल, हिरवा रंग फिका पडलेला. देठ बोटाने हलवला तर एक पान गळून पडलं.

“पाहून घे व. ताण बसून राहिला.”

आंबिया बहार धरायचा म्हणजे डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. झाड उपाशी राहतं, वाढ थांबवतं, काडीत अन्न साठवतं. पुरेसा ताण बसला की मशागत, खत आणि मग पाणी. त्या पाण्यावर फूल फुटतं. हलक्या जमिनीत लवकर भागतं, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस थांबावं लागतं. घाईनं पाणी सोडलं तर नुसता पाला येतो, फार ताणलं तर झाड वाळायला लागतं. आणि एकाच झाडाकडून आंबिया नि मृग असे दोन्ही बहार कोणी शहाणा माणूस घेत नाही.

मी सासरी आले तेव्हा पगारदार घरातून आले होते. वडिलांचा पगार ठरल्या तारखेला यायचा. ऑनलाइन काम सुरू केल्यावर एका महिन्यात ७०,००० आणि पुढच्यात ९,००० असं झालं की माझी झोप उडायची. ही झोप परत आणली ती मामाजींनी. त्यांना महिन्याचा हिशेब कधी माहीतच नव्हता, त्यांचा हिशेब बहाराचा. बाग झाडावरच व्यापाऱ्याला द्यायची, इसार घ्यायचा, उरलेले पैसे तोडीच्या वेळी. पैसे आले की पहिलं सोसायटीचं देणं, मग पुढच्या बहाराचं खत, मग घर, आणि नवं जे काही ते सर्वांत शेवटी. एकदा जेवताना त्यांना विचारलं होतं, “मामाजी, फळ आलंच नाही तं?” म्हणाले, “मागच्या बहाराचं काय सगळं खाऊन टाकतो का आपण?”

माझी सगळी पैशाची व्यवस्था त्या एका जेवणाच्या पंगतीतून निघाली. दोन खाती केली. मिळकत सगळी धंद्याच्या खात्यात. तिथून १ तारखेला ४०,००० घरच्या खात्यात जातात. सत्तर हजारांच्या महिन्यात चाळीसच, नऊ हजारांच्या महिन्यातही चाळीसच. नव्या गिऱ्हाइकाकडून इसार घेतल्याशिवाय फाइल उघडत नाही. तिसरा हिस्सा आधी, उरलेला काम देताना. देणारे देतात. जे देत नाहीत, त्यांच्याकडून पुढेही पैसे निघणं कठीण असतं.

डहाळी मी पेल्यात ठेवायला निघाले तर मामाजी हसले. “पाणी नको देऊ तिले.”

तीन

दिवसातली सर्वांत अवघड घटका. ऊन खिडकीत आलेलं असतं, डोळे जड, आणि दारावर कोणीतरी. संक्रांत झाल्यापासून हळदीकुंकवाची बोलावणी आहेत. “तू तं घरीच असते,” हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण एकटीने काम करणाऱ्या बाईचे किती तास त्याने गेले असतील! मी आता सरळ सांगते: पाचपर्यंत कामावर आहे, पाचला येते. आणि पाचला जातेच. शब्द पाळला की पुढच्या वेळी लोक पाचलाच बोलावतात.

या घटकेला अवघड काम घ्यायचं नाही. बिलं करायची, फाइलींना नावं द्यायची. आज तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं ते केलं: पंचेचाळीस दिवस उलटूनही पैसे न आलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन. रडगाणं नाही, चिडणं नाही. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, आणि “शुक्रवारपर्यंत जमा होतील ना?” एवढंच. बाई म्हणाल्या, होतील. वहीत ‘येणार’च्या रकान्यात शुक्रवार लिहिला.

वहीत रकाने तीन: आलेलं, येणार, अडकलेलं. टीडीएस तिसऱ्या रकान्यात जातो. भारतातल्या एजन्सी व्यावसायिक सेवेचे दहा टक्के कापून सरकारकडे भरतात. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत माझ्यासारख्या १२ लाखांच्या आतल्या मिळकतीला सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून विवरण भरलं की ते पैसे परत येतात. येतात, पण काही महिन्यांनी. म्हणून ते पैसे माझे असले तरी यंदाच्या खर्चात धरायचे नाहीत. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणीही मला सक्तीची नाही. हे सगळं मैत्रिणीनेच बसून समजावलं. तिच्या मुलीला मी मराठी शिकवते.

साडेसात

न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. तिथल्या गिऱ्हाइकाशी दहा मिनिटांचं बोलणं. पुढच्या महिन्याचं काम कळलं, आणि एप्रिलपासूनच्या नव्या भावाचा विषय मी काढला. त्यांनी लेखी पाठवायला सांगितलं. मैत्रिणीला तिन्ही ओळींपुढे ‘झालं’ लिहून पाठवलं. तिची एक ओळ राहिली होती. उद्या पहिली तीच, असं तिनेच लिहिलं.

रात्री नऊ

मुलगी झोपली की मी आणि नवरा वही घेऊन बसतो, महिन्यातून एकदा. त्याचा पगार ७ला येतो, माझा मी १ला काढते, त्यामुळे घर आता दोन्ही टोकांनी भरतं. पीपीएफचे पाच हजार ५ तारखेच्या आत गेलेत हे बघितलं. व्याज सध्या ७.१ टक्के, पण ते मोजतात पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. सहाला भरले तर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. पंधरा वर्षांच्या खात्यात हे थेंब मोजावेत.

मग वरच्या पैशाचा विषय. ६,६०,०००च्या वर जे येईल ते कुठे जाणार, हे आम्ही आधीच नाव घालून ठेवतो. यंदाचं नाव आहे ठिबक. मामाजींनी सहा बाय सहा मीटरवर नवी लागवड केली आहे. या अंतराने हेक्टरी २७७ झाडं बसतात. फळ धरायला पाच-सहा वर्षं जातील, तोवर ही रोपं उन्हाळ्यात जगवायची आहेत. नळीचं, फिल्टरचं कोटेशन सौंसरच्या दुकानातून आलंय. नवरा म्हणाला, “आत्ताच घेऊन टाकू, पैसे तं आहेत.” आहेत, पण राखीवमध्ये. राखीव सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकं होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे दोघांनी ठरवलं होतं. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग कोटेशनवर ‘मार्च’ लिहिलं.

मार्चचं ठिबक येणार कुठून, तर वाढीव भावातून नव्हे, ती वाढ एप्रिलची. ते येणार माहितीपटाच्या उरलेल्या भागांतून. सहा भाग बाकी आहेत, आणि फेब्रुवारीअखेर ते द्यायचे असतील तर पहाटेचा वेळ एकाही दिवशी दुसऱ्या कशाला देता येणार नाही.

दहाला तीन मेल लिहिले, तिघा जुन्या गिऱ्हाइकांना. एक एप्रिलपासून शब्दाला सव्वादोन रुपये, तोवरची कामं जुन्या भावाने. कारण एका ओळीत, माफी कुठेच नाही. न्यूयॉर्कचं उत्तर अर्ध्या तासात आलं: चालेल. पुण्याची एजन्सी वरिष्ठांना विचारून सांगणार आहे. तिसऱ्याची वाट फेब्रुवारीच्या १५ तारखेपर्यंत बघायची, आणि तोवर त्याच्या जागेसाठी रोज एक नवा नमुना पाठवायचा. उद्याच्या पहिल्या नमुन्याला नागपूरचा एक प्रकाशक निवडलाय.