लिस्पमधील जनरेटर व विलंबित मूल्यनिर्धारण

एखाद्या राशीचे मूल्य आगाऊ न काढता त्याची प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत लांबणीवर टाकण्याच्या पद्धतीस विलंबित मूल्यनिर्धारण म्हणतात. क्रमातील मूल्ये मागणीनुसार एकेक करून पुरविणारे साधन म्हणजे जनरेटर. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या संगणकीय भाषेच्या निर्मितीस प्रारंभ केला. तीत फलनास दिलेल्या आदानांची मूल्ये सामान्यतः आधीच काढली जातात. त्यामुळे वरील सोयींसाठी बहुधा स्वतंत्र लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचे संग्रह, वापरावे लागतात.

मुंबईतील लालबागच्या बाजारात चिवडा आधीच तयार असतो. मसाला मात्र गिऱ्हाइकाने मिरच्या निवडल्यावर कांडून मिळतो. हा मसाला बरणीत भरून ठेवला, तर पुन्हा कांडावा लागत नाही, पण जागा व्यापतो. लगेच संपविला, तर जागा मोकळी राहते, पण पुन्हा हवा असल्यास पुन्हा कांडावा लागतो. विलंबित सूची ही बरणीसारखी असते. जनरेटर दिलेले मूल्य जवळ ठेवत नाही. लायब्ररींची तुलना करताना हाच भेद प्रथम पाहावा लागतो.

डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले, की सूची रचणाऱ्या ‘कॉन्स’ या क्रियेने आदानांची मूल्ये तत्काळ काढू नयेत. त्यायोगे अनंत सूचीही मर्यादित स्मृतीत मांडता येते. स्कीम या लिस्पच्या बोलीत ‘डिले’ने गणन स्थगित होते, ‘फोर्स’ने ते पूर्ण होऊन मूल्य जतन केले जाते. फिलिप बेविग यांची एसआरएफआय ४१ (२००८) ही लायब्ररी या तत्त्वावर आधारलेली आहे. एसआरएफआय १५८ (२०१७) मध्ये जनरेटर ही आदानरहित प्रक्रिया असून ती प्रत्येक वेळी पुढचे मूल्य देते.

कॉमन लिस्पच्या १९९४ च्या प्रमाणात या दोन्ही सोयींचा अंतर्भाव नाही. रिचर्ड वॉटर्स यांची ‘सीरीज’ ही लायब्ररी शक्य तेथे क्रमावरील क्रियांचे भाषांतराच्या वेळीच साध्या आवर्तनात रूपांतर करते. त्यामुळे मधल्या सूच्या निर्माण होत नाहीत व वेग वाढतो. ‘स्नेक्स’ ही लायब्ररी आज्ञावलीची पुनर्रचना करून ती मध्येच थांबविण्याची सोय देते. तिची लेखनपद्धती सुलभ असली, तरी गणनाचा भार वाढतो. रिच हिकी यांच्या क्लोजर (२००७) या बोलीत विलंबित क्रम मूळ भाषेतच आहेत. मात्र काही क्रमांत मूल्ये ३२ च्या गटांनी काढली जातात.

विलंबित सूचीचे पहिले टोक आज्ञावलीने धरून ठेवल्यास जुनी मूल्ये मुक्त होत नाहीत व दीर्घ क्रमात स्मृती भरून जाते. तसेच फाइल बंद झाल्यानंतर लांबणीवर टाकलेले वाचन सुरू झाल्यास ते निष्फळ ठरते. म्हणून एकाच फेरीत संपणाऱ्या माहितीस जनरेटर किंवा ‘सीरीज’, तर पुनःपुन्हा लागणाऱ्या मूल्यांस विलंबित सूची अधिक योग्य होय.