यादवीतल्या बायका कागदावर का सापडत नाहीत?

पीएचडीचा विषय शोधताना "यावर डेटाच नाही" हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. पण बऱ्याचदा डेटा नसतो असं नाही, आपली चाळणीच त्याला गाळून टाकते. मी सायन्सवाली, त्यामुळे मला हा प्रश्न मोजमापाचा वाटतो. उदाहरण घेऊ मराठवाड्याचं, १९४७-४८ चं.

निजामाच्या संस्थानात एकीकडे रझाकार, दुसरीकडे स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प. याला यादवी म्हणायचं की मुक्तिसंग्राम, यावर वाद घाला. पण गावागावात शेजारी शेजाऱ्यासमोर उभा राहिला, हे खरं. मग बायका कुठे होत्या?

पहिली चाळणी शौर्याची. हिच्यात जालना भागातल्या दगडाबाई शेळके दिसतात, कारण त्यांनी हत्यार उचललं. भाकऱ्या पोचवणाऱ्या, भूमिगतांना लपवणाऱ्या दिसत नाहीत. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हा एक मुख्य निकष. महिलांना तीन महिन्यांचा. सवलत मिळाली, पण मोजपट्टी तुरुंगाचीच राहिली. भाकरी थापल्याचा दाखला कोण देणार?

दुसरी चाळणी अत्याचाराची. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला बसली. बलात्कार, अपहरणं यांचीही नोंद अहवालात आहे. पण इथे बाई दिसते ती फक्त पीडित म्हणून. नवरा गेल्यावर तिने घर कसं चालवलं, हा प्रश्न समितीचा नव्हताच.

तिसरी चाळणी मुलाखतीची. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगण लढ्यातल्या बायकांना त्यांचं सगळं आयुष्य विचारलं. तेव्हा लढा संपल्यावर "आता घरी जा" असं सांगितलं गेल्याची सलही बाहेर आली. ती कुठल्याच सरकारी कागदात मावली नसती.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी प्रत्येक साधनासमोर दोन प्रश्न लिहा: हे कुणी, कशासाठी नोंदवलं? आणि त्यामुळे कोण गळलं?

आणि हो, १९४८ आठवणाऱ्या आज्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या कोलशेत-घोडबंदरच्या टॉवरांमध्येही मुलाकडे राहायला आलेली अशी एखादी आजी असेल. अर्काइव्ह पुढच्या वर्षीही उघडेल. आजीचं मात्र सांगता येत नाही.