गिधाडांचे विष आणि कार्बनच्या नलिका

गुरांच्या वेदना शमवणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 साली उघड झाल्यावर भारताने 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्याने 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. बंदी पाळली जाते का, हे मृत गुराच्या यकृतातील सूक्ष्म अंशावरून कळते. पण तो मोजणारी यंत्रे महागडी असतात.

विद्युतरासायनिक संवेदक येथे उपयोगी पडू शकतो. जेमतेम 3 मिलिमीटर व्यासाच्या कार्बनच्या विद्युतअग्रावर नॅनोनलिका, म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक पोकळ नळ्या, मिसळलेल्या द्रवाचा थेंब सुकवला की अग्राचे क्रियाशील क्षेत्रफळ वाढते. मग विद्युतदाब हळूहळू चढवला असता ठरावीक दाबाला औषधाचे रेणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्यावेळी उसळणाऱ्या प्रवाहावरून त्याचे प्रमाण काढता येते. खरी अडचण रक्तमांसाच्या नमुन्यात येते, कारण तेथील प्रथिने अग्रावर साचतात आणि यूरिक आम्लही इलेक्ट्रॉन गमावून संकेतात भेसळ करते; शुद्ध द्रावणातले आकर्षक आकडे म्हणूनच जपून वाचावेत.

नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या गावांपर्यंत अशी चाचणी पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर पशुपालकांनी पशुवैद्याकडे गिधाडांना अपाय न करणाऱ्या मेलॉक्सिकॅमचाच आग्रह धरावा.